हात दाबून ठेवू नकोस

सांगली

चि. नीरज यास,


नाटकातल्या ख्रिस्तोफर या मुलाचं काम तुला मिळालं हे कळल्यापासून तुझी आई सगळ्या नातेवाइकांना फोन लावत सुटली आहे. मँचेस्टर कुठे आहे हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनाही तुझ्या नाटकाची तारीख पाठ झाली. मलाही आनंद झाला रे. पण परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "तालमीत हात हलवतो, वर्गात नाही हलवत." तेव्हापासून ते डोक्यातून जाईना.

सोन्या, रंगमंचावर ज्या हातांना टाळ्या मिळणार, तेच दिवसभर मांडीखाली दाबून बसायचं, हा कुठला न्याय? चारचौघांसारखं दिसण्यात सगळी ताकद संपवलीस तर संध्याकाळी तालमीला काय उरेल?

माझी हयात विंगेत प्रॉम्प्टिंग करण्यात गेली. आपल्या स्पर्धांत 'वेगळं' पोर दाखवायचं म्हणजे मान वाकडी करायची, शब्द तोडायचे आणि हमखास हशा घ्यायचा. वर त्याला अभिनयाचं बक्षीस! माझ्या मते तो अभिनय नव्हे, नक्कल. तुझं हे नाटकच बघ ना. मार्क हॅडनची कादंबरी 2003 ची, सायमन स्टीफन्सचं नाट्यरूप 2012 ला लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आलं, मग ब्रॉडवे, 2015 ला 5 टोनी पुरस्कार. पण अमेरिकेत व्यावसायिक रंगभूमीवर मिकी रो या ऑटिस्टिक नटाच्या वाट्याला ख्रिस्तोफर यायला 2017 उजाडलं, तेही इंडियानापोलिसला. 2023 मध्ये ब्रॉडवेवर 'हाऊ टू डान्स इन ओहायो' आलं, त्यात सात ऑटिस्टिक पात्रं आणि ती करणारे सातही जण ऑटिस्टिक. आपल्याकडे 'यलो' सिनेमात गौरी गाडगीळनं स्वतःचीच भूमिका केली होती. ती गोष्ट डाऊन सिंड्रोमची, म्हणजे वेगळी. पण पडद्यावर ती खरी मुलगी दिसली आणि थिएटरात कुणाला तिची कीव करायला वेळच मिळाला नाही.

आता तुझा दिग्दर्शक येता-जाता विचारेल, "ऑटिस्टिक लोक असं करतात का?" तू आपलं सांग, "मी असं करतो." साऱ्या जगाची वकिली अंगावर घेऊ नकोस. ख्रिस्तोफरला कुणी हात लावलेला खपत नाही. तुला तर आजी पाठीवरून हात फिरवत राहिली तरच झोप यायची. तो तो आहे, तू तू आहेस.

तो स्विंडनहून एकटा लंडनला जातो, त्या प्रवेशाची मला धास्ती आहे. घोषणा, पाट्या, गर्दी, दिवे, सगळं एकदम अंगावर येतं. प्रेक्षकांना ते दोन तासांत एकदाच सोसायचंय, तुला तालमीत रोज. साउंडवाल्याला आधीच गाठ. कुठल्या वाक्यावर कुठला आवाज येणार ते लिहून घे, सुरुवातीला बारीक आवाजात करून बघ. विंगेत एक कोपरा ठरवून ठेव, तिथे तुझ्याशी कुणी बोलायचं नाही. आपल्याकडे नटाला कोपरा मागायला लाज वाटत नाही; मोठमोठे नट तिसऱ्या घंटेआधी कुणाला ओळखही दाखवत नसत.

आणि बाळा, पोटाकडे बघ. भूक लागलेली तुला कळतच नाही, एकदम चिडचीड होते तेव्हा आम्हाला कळतं. फोनवर गजर लावलायस ना जेवणाचा? तो बंद करून 'पाच मिनिटांत खातो' म्हणायचं नाही. 'हो', 'नाही' एवढंच बोलायला लागलास आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या की समजायचं, भरत आलं. मग आणखी एक प्रवेश रेटायचा नाही, हेडफोन लावून बाहेर पडायचं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल सुरू झाले की तू मागच्या खोलीत आजीची जड गोधडी डोक्यावरून ओढून बसायचास आणि तासाभरानं आपणहून बाहेर येऊन मोदक मागायचास. कुणी शिकवलं नव्हतं. ती गोधडी आईनं धुऊन ठेवली आहे, नेनेंची मुलगी पुढच्या आठवड्यात तिकडे येतेय, तिच्याबरोबर पाठवते. भडंगही दिलंय, ते सगळ्या कंपूत वाटून टाकू नकोस.

तुझ्याकडे 'रिलॅक्स्ड' प्रयोग होतो म्हणालास, म्हणजे प्रेक्षागृहात पूर्ण अंधार नाही, दणके कमी, मधेच उठून गेलं तरी चालतं. भावे नाट्यमंदिरात लहान पोरांना दटावून बाहेर काढताना मी इतक्यांदा पाहिलंय की मला हे फार आवडलं. त्या प्रयोगाला बसणाऱ्या एखाद्या पोराचे हात हलत असतील, तर त्याला समोर तुझेही मोकळे दिसू देत. वर्गातसुद्धा. कुणी बघितलं तर बघू दे, चार दिवस बघतील आणि आपापल्या वह्यांत डोकं घालतील.

इकडे बाकी ठीक. कृष्णेचं पाणी उतरलं, तुझ्या काकांच्या गुडघ्याचं काही उतरत नाही. तालमींचं वेळापत्रक पाठव. कधी फोन करायचा नाही तेही त्यात लिही.

तुझी,
आत्या