शेजारच्या डब्यांतला माणूस

मत्सराला अंतर मानवत नाहीं, ही गोष्ट नीतिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षां कल्याणहून मुंबईस जाणाऱ्या लोकलगाडींत लौकर समजते. मलबार हिलवरील धनिकाबद्दल डोंबिवलीच्या कारकुनास कुतूहल असतें; द्वेष सहसा नसतो. त्याला सलतो तो त्याच्याच चाळींत वाढलेला, त्याच शाळेंत शिकलेला आणि आतां पहिल्या वर्गाचा पास खिशांत बाळगणारा शेजारी. गाडी एक, उशीर एक, उतरण्याचें स्थानक एक. दोघांच्या मध्यें काय तो एक पत्रा. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली, पुढल्या वर्षीं ती कल्याणास पोहोंचली. गाडीनें सोवळें कांहीं अंशीं मोडलें, हें खरें. पण वर्ग मात्र ती आपल्याबरोबरच घेऊन आली.

अशा मत्सराचा लाभ कोणास होतो? अमेरिकेंतील कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांनीं १९३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, यादवी युद्धानंतर दक्षिणेंतील गरीब गोऱ्या मजुरास मजुरी थोडी मिळे, परंतु गोरेपणाचा मान ही जणूं वरकड मजुरी त्याच्या पदरांत पडे. तेवढ्यावर समाधान मानून तो काळ्या मजुराशीं एकी करीना. डॉ. आंबेडकरांनीं आपल्याकडील श्रेणीबद्ध विषमतेचें वर्म सांगितलें तें याहून फारसें निराळें नाहीं. प्रत्येकाच्या खालीं कोणी तरी आहे. मग ही उतरंड पाडावयास पुढें यावें कोणीं?

परंतु खालच्यांचा प्रत्येक संताप मत्सरांत जमा करणें, ही आम्हां सुशिक्षितांची जुनी खोड आहे. ऑगस्ट २०२२ मध्यें कळवा आणि बदलापूर येथें प्रवाशांनीं वातानुकूलित गाड्यांविरुद्ध आंदोलन केलें, तेव्हां ‘परवडत नाहीं म्हणून जळतात’ असा शेरा आम्हीं चांगल्या चांगल्या दिवाणखान्यांतून ऐकिला. तो आम्हांस पटत नाहीं. दुसऱ्यास गार वारा मिळतो, ही कांहीं त्यांची तक्रार नव्हती. तक्रार अशी कीं, साध्या गाडीच्या वेळेस वातानुकूलित गाडी सोडली आणि साध्या गाडीचे प्रवासी मागल्या गाडीच्या दारांत लोंबकळूं लागले. दुसऱ्याचें सुख पाहून पोट दुखणें वेगळें, आणि आपल्या पायांखालची फळी काढून त्याचें सुख उभारलेलें पाहून ओरडणें वेगळें. रेल्वेनें त्याच महिन्यांत नव्या दहा फेऱ्या मागें घेतल्या, हें योग्यच झालें.

पुढचा भाग आम्हांस अधिक अवघड वाटतो. डोंबिवलीचा प्रवासी सकाळीं बसावयास जागा मिळावी म्हणून उलट कल्याणास जातो व त्याच गाडीनें परततो. कल्याणकर फलाटावर उभा असतो, आणि गाडी येते ती भरलेली. त्याचा राग न्याय्य नाहीं, असें कोण म्हणेल? पण हाच कल्याणकर एकदां आंत शिरला कीं दिव्यास चढूं पाहणाऱ्याला काय म्हणतो, तें ऐकावें. दिव्यास जलद गाडी थांबूं लागली ती २०१६ च्या डिसेंबरांत, तीही तेथल्या प्रवाशांनीं वर्षानुवर्षें मागितल्यावर. तरीही आंतला गृहस्थ दारांतल्या दांड्यावर हात आडवा धरून सांगतो, ‘मागची स्लो पकडा.’ त्याच्या डोक्यावरच्या पंख्याखालीं तेव्हां आणखी दोघे सहज उभे राहूं शकले असते.