संकटकाळी काय मागावे?

भाविकहो, संकट आले की हात आपोआप जोडले जातात. पण देवाकडे मागावे काय? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, प्रवरातीरी नेवासे येथे मिळते. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) श्री ज्ञानेश्वर महाराजांनी येथील पैस खांबाला टेकून गीतेचा अर्थ सांगितला व सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. कोवळ्या वयात आई-वडील गमावून, संन्याशाची मुले म्हणून समाजाचा बहिष्कार सोसलेल्या महाराजांनी ग्रंथाच्या शेवटी पसायदान मागितले. त्यात स्वतःच्या दुःखाचा उल्लेख नाही, छळणाऱ्यांच्या नाशाची इच्छाही नाही. दुष्टांच्या मनातील वाकडेपणा सरावा व सर्व जीवांत स्नेह वाढावा, असे ते मागणे आहे.

आजारपण असो वा दुष्काळ, आपले गाऱ्हाणे देवापुढे अवश्य मांडावे. औषधोपचार व प्रयत्न मात्र सोडू नयेत. प्रार्थनेने प्रत्येक संकट टळेलच, असे कोणीही सांगू शकत नाही. दुःखातही मन कडवट होऊ न देण्याचे बळ मात्र तिच्यातून लाभते. म्हणून आपले मागणे मांडून झाल्यावर, शेजारी रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी भाविकासाठीही क्षणभर हात जोडावेत.