गोळी थांबवायची कुणी?

मोठी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरी सोडतात, तेव्हा नातेवाइकांच्या हातात डिस्चार्ज कार्ड येतं. टाके कधी काढायचे, ड्रेसिंग किती दिवसांनी, जिना कधी चढायचा, पुन्हा दाखवायला कधी यायचं, सगळं त्यावर असतं. गोळ्यांची यादी असते. ही उपाशीपोटी, ही जेवणानंतर, ही दुखलं तर. या यादीत पुष्कळदा एक गोळी पॅरासिटामॉलपेक्षा वेगळ्या घराण्यातली असते. ट्रॅमाडॉल किंवा टॅपेंटाडॉल, क्वचित मॉर्फिन. कधी दंडावर चिकटवलेला ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच. ही ओपिऑइड औषधं. काही थेट अफूपासून काढलेली, काही प्रयोगशाळेत घडवलेली, पण शरीरात एकाच प्रकारच्या जागी जाऊन बसणारी. ती दिवसातून किती वेळा घ्यायची ते कार्डावर नीट लिहिलेलं असतं. थांबवायची कशी, ही ओळ मात्र मी फार कमी कार्डांवर वाचली आहे.

आज सकाळी त्या न लिहिलेल्या ओळीविषयी बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट निःसंशय सांगायला हवी. ही औषधं वाईट नाहीत. बदललेला गुडघा पहिल्या आठवड्यात वाकवायचा असतो, पोटावर टाके असताना खोकून कफ बाहेर काढायचा असतो, आणि वेदना आवरली नाही तर यातलं काहीच होत नाही. सांधा आखडतो, छातीत कफ साठतो, माणूस अंथरुणाला खिळतो. योग्य वेळी दिलेली गोळी त्याला उठून उभं राहू देते. ती घेण्यात कमीपणा नाही, आणि "सहन करा, त्यात काय एवढं" असं सांगण्यात शौर्य नाही.

पण काही दिवस ही गोळी सलग पोटात जात राहिली की शरीर तिच्याशी जुळवून घेतं. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. आपली सावधता, धास्ती, नाडीची गती यांवर त्याचा अंमल चालतो. ओपिऑइड या पुंजक्याला दाबून धरतं. दाब कायम राहिला की पेशीही आपला जोर वाढवतात, कारण त्यांना काम चालू ठेवायचं असतं. हा रस्सीखेचीचा खेळ आहे. दोन्ही बाजू सारख्याच ताकदीनं ओढत असल्या की दोर हलत नाही आणि बघणाऱ्याला वाटतं, सगळं शांत आहे. एका बाजूनं दोर एकदम सोडला की दुसरी बाजू पाठीवर आपटते. गोळी अचानक बंद झाली की नेमकं हेच होतं. जांभयांवर जांभया येतात, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहतं, अंगावर काटा उभा राहतो, घाम फुटतो, पोटात मुरडा येऊन जुलाब लागतात, पाय अंथरुणात ठरत नाहीत, झोप उडते. थोडा वेळ टिकणारी गोळी असेल तर शेवटच्या डोसनंतर ८ ते २४ तासांत हे सुरू होतं आणि साधारण चार ते दहा दिवस चालतं. ट्रॅमाडॉलचं आणखी एक अंग आहे. ते मेंदूतल्या सेरोटोनिनवरही काम करतं, त्यामुळे ते तोडलं तर काहींना कारण नसताना जीव घाबरा होतो, अंगातून विजेची लहर गेल्यासारखं वाटतं.

हे सगळं व्यसन नाही. शरीराला सवय लागणं वेगळं, आणि नुकसान दिसत असूनही त्या पदार्थामागे धावत राहणं वेगळं. पहिली गोष्ट सलग औषध घेणाऱ्या कुणालाही होऊ शकते, मग तो कितीही निग्रही, कितीही सात्त्विक असो. आपल्या घरांत हा फरक ठाऊक नसतो, आणि त्याची किंमत आजारी माणूस मोजतो. "आई, एवढं काय लागतंय तुम्हाला त्या गोळीचं?" एवढं सूनबाईंनी काळजीपोटी विचारलं तरी आईंना ते लागतं. मग त्या कळ आली तरी सांगत नाहीत, आणि रात्री उशाखालची पट्टी चाचपतात. किंवा उलट होतं. जिद्दीला पेटून "आजपासून एकही घेणार नाही" म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी घामानं भिजून बसलेल्या असतात. दोन्हीकडे त्या एकट्या पडतात.

ट्रॅव्हिस रीडर यांची हकीकत मला इथे सांगावीशी वाटते. हे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवतात. विषय जैवनीतिशास्त्र, म्हणजे वैद्यकातल्या योग्य-अयोग्याचा विचार. मे २०१५ मध्ये मोटारसायकलवर असताना त्यांना अपघात झाला आणि एक पाऊल चेचलं गेलं. पाऊल वाचवण्यासाठी एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. वेदना भयंकर होत्या, आणि सुमारे दोन महिने ओपिऑइड औषधं मोठ्या मात्रेत चालू राहिली. मग एका डॉक्टरांच्या लक्षात आलं की आता ही बंद व्हायला हवीत. सल्ला मिळाला तो असा: डोसाचे चार भाग करा, दर आठवड्याला एक भाग सोडा, चार आठवड्यांत मोकळे व्हाल.

त्यांनी तसं केलं. प्रत्येक आठवडा आधीच्यापेक्षा वाईट गेला. झोप नाही, अन्न नाही, आवरता न येणारं रडू, आणि शेवटी हे जगणं नको असा विचार. घरात लहान मुलगी होती, बायको होती, शिक्षण होतं, समज होती. यातलं काहीच आड आलं नाही. त्यांनी औषध लिहून देणाऱ्यांना विचारलं. वेदनेवर उपचार करणाऱ्यांकडून उत्तर आलं, की आम्ही औषधं सुरू करतो, ती उतरवण्याची देखरेख आमच्याकडे नसते. पुढे हा अनुभव त्यांनी २०१७ मध्ये 'हेल्थ अफेअर्स' या नियतकालिकात लिहिला आणि २०१९ मध्ये 'इन पेन' हे पुस्तक आलं. डॉक्टर रुग्णाचं काय देणं लागतात, हे शिकवण्यात ज्याचा दिवस जातो, त्यालाच उत्तर मिळालं नाही. मग वर्गणी काढून ऑपरेशन केलेल्या, आडगावाहून एसटीनं आलेल्या माणसाचं काय होत असेल?

त्या सल्ल्यात नेमकं काय चुकलं, तेही कळण्यासारखं आहे. आठवड्याला पंचवीस टक्के ही घट फार मोठी होती. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्यसंस्थेनं २०२२ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वं काढली. काही आठवडे ते काही महिने औषध घेतलेल्यांसाठी त्यांत सुचवलेला वेग मूळ डोसाच्या दहा टक्के दर आठवड्याला असा आहे. वर्षभर किंवा त्याहून जास्त घेतलं असेल तर दहा टक्के दर महिन्याला, किंवा त्याहूनही सावकाश. चार-आठ दिवसांच्या वापरानंतर मात्र उतरणं अगदी थोडक्या दिवसांत होतं, आणि फक्त अधूनमधून घेतलेल्या गोळीला तर उतरवण्याची गरजच पडत नाही. म्हणजे एकच वेग सगळ्यांना लागू नाही, आणि म्हणूनच तो औषध देणाऱ्यानं ठरवायचा असतो. मेडिकलच्या काउंटरवर तो ठरू शकत नाही, आणि शेजाऱ्यांच्या अनुभवावरून तर नाहीच.

मला सर्वांत अवघड वाटते ती वेगळीच गोष्ट. गोळी कमी केली की दुखू लागतं. पुन्हा घेतली की थांबतं. यावरून कुणीही म्हणेल, जखम अजून भरलेली नाही, गोळी हवीच. हा निष्कर्ष इतका सरळ दिसतो की भलेभले त्यात अडकतात. पण गोळी ओसरल्यामुळे उठणारी कळही त्याच गोळीनं थांबते. शिवाय दीर्घ काळ घेतलेलं ओपिऑइड काहींच्या शरीराला दुखण्याबाबत अधिक हळवं करून ठेवतं, हा अनुभवही वैद्यकाला आहे. मग ओळखायचं कसं? जखमेचं दुखणं आपली जागा सोडत नाही. गुडघा वाकवला की दुखतो, टेकवला की कमी होतो. औषध ओसरल्याचं दुखणं सगळ्या अंगात असतं, हाडं मोडून आल्यासारखं. त्याच्या सोबतीला जांभया असतात, नाक वाहतं, काटा येतो, आणि ते गोळीच्या वेळेच्या आसपास घड्याळ लावून येतं. दोन्ही खरीच दुखणी आहेत. कुणी सोंग करत नाही. पण पहिल्यावर उपाय वेगळा, दुसऱ्यावर वेगळा, आणि डॉक्टरांना फोन केला तर "दुखतंय" एवढ्यावर न थांबता कुठे, केव्हा, सोबत काय, हे सांगितलं तर त्यांनाही निवाडा करता येतो. अंगावर ताप असेल, जखम लाल होऊन गरम लागत असेल किंवा पोटरी सुजली असेल तर गोळ्यांचा हिशेब बाजूला ठेवून तडक दाखवायला जावं.

२०१७ मध्ये 'जामा सर्जरी' या नियतकालिकात अमेरिकेतल्या छत्तीस हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला. शस्त्रक्रियेआधी जे ओपिऑइड घेत नव्हते, अशांपैकी सुमारे सहा टक्के लोक तीन महिने उलटल्यावरही ती घेत होते. शस्त्रक्रिया किरकोळ असो की मोठी, प्रमाण जवळपास तेवढंच. दुखणं किती मोठं होतं यावर ही गोष्ट ठरत नव्हती, एवढं त्यावरून दिसतं. तिथे त्याआधीची वीस वर्षं या गोळ्या हात सैल सोडून दिल्या गेल्या होत्या, आणि त्या पुराचे बळी मोजून झालेले नाहीत. मग भीतीनं दुसरं टोक गाठलं. काही डॉक्टरांनी जुन्या रुग्णांच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला सावध करावं लागलं, की अशा तोडण्यानं माणसं असह्य वेदनेत, अगदी आत्महत्येपर्यंत ढकलली जातात.

आपल्याकडचं दुःख निराळं आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांचं जंजाळ असं वाढलं की १९९७ पर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. ज्या देशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यानं अफूची शेती होते, त्याच देशात कर्करोगाचे रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत राहिले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये कायदा बदलला. दुसरीकडे ट्रॅमाडॉल बराच काळ सैल होतं. एप्रिल २०१८ मध्ये तेही या कायद्याखाली आलं. म्हणून या सकाळी कुणी "बघा, या गोळ्या किती भयंकर" एवढंच घेऊन उठू नये. तिकडे पूर आला, इकडे दुष्काळ पडला, आणि दोन्ही ठिकाणी रुग्णाशेजारी शेवटपर्यंत बसणारं माणूस कमी पडलं. सुरुवात करणारा एक, चिठ्ठी वाढवून देणारा दुसरा, बंद करा म्हणणारा तिसरा. जो सुरू करतो त्यानंच उतरवण्याची वाट लिहून द्यायची, आणि त्या वाटेवर फोन उचलायचा, हा मी उपचाराचाच भाग मानते. तो उपकार नव्हे.

तोवर घरच्यांनी एवढं करावं. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या घाईतही विचारावं: "डॉक्टर, ही गोळी किती दिवस? कमी कशी करायची? त्रास झाला तर कुणाला फोन करू?" उत्तर कार्डावरच लिहून मागावं. ट्रॅमाडॉलच्या बऱ्याच गोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. त्या कमी झाल्या की तोही आधार कमी होतो, म्हणून साधं पॅरासिटामॉल वेगळं चालेल का आणि किती, हेही विचारावं. लांब पल्ल्याची गोळी मोडू किंवा कुटू नये. तिचा दिवसभराचा अंश एकदम सुटतो. सोबत झोपेची गोळी आणि दारू नको, श्वास मंदावतो. जुलाब झाले तर पाणी, पेज, ओआरएस, आणि म्हाताऱ्या माणसावर जास्त लक्ष. एखाद्या पायरीवर फार त्रास झाला तर डॉक्टरांना सांगून तिथेच चार दिवस थांबता येतं. शेवटची अर्धी गोळी पुष्कळांना सगळ्यांत जड जाते, आणि त्या दिवसांत रागावलेला, रडवेला माणूस आपलाच आहे हे विसरू नये. जगणं नको असं तो बोलला तर ते बोलणं म्हणून सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

आणि गोळी पूर्ण सुटल्यावर जुन्या डोसाकडे कधीही परत जाऊ नये. महिन्यापूर्वी जी मात्रा शरीर सहज पेलत होतं, तीच आता श्वास थांबवू शकते. उरलेली पट्टी औषधांच्या डब्यात ठेवू नये, आणि शेजारच्या काकूंची कंबर दुखतेय म्हणून तर मुळीच देऊ नये. पुढच्या तपासणीला जाताना ती सोबत न्यावी आणि तिचं काय करायचं ते तिथेच विचारावं.