गुत्तीचा निळा कोळी

मराठी वाचकाला गुत्ती ठाऊक असते ती मुरारराव घोरपड्यांच्या किल्ल्यामुळे. प्राणिशास्त्राला ती ठाऊक आहे एका कोळ्यामुळे. गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या एका मादीवरून पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९९ साली नव्या टॅरँटुलाचं वर्णन केलं. अंगावर धातूसारखी चकाकणारी निळाई आणि पायांवर पिवळे ठिपके. नाव ठेवलं पोएसिलोथेरिया मेटॅलिका. पुढे जवळजवळ शंभर वर्षं तो कुणाला दिसलाच नाही. २००१ च्या सुमाराला तो पुन्हा सापडला, पण गुत्तीत नाही, तर तिथून शंभरेक किलोमीटरवर, आंध्रातल्या नंद्याल आणि गिद्दलूरमधल्या जंगलात. वखारीतली ती मादी बहुधा लाकडांबरोबर आगगाडीने आली असावी. जुन्या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या या कोळ्याचं सगळं राज्य शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही कमी, आणि तेही तुकड्यातुकड्यांचं. २००८ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

आणि हाच कोळी युरोप-अमेरिकेत विषारी कोळी पाळणाऱ्या हौशी मंडळींच्या घराघरांत आहे. तिथे त्याची पैदास होते, खरेदी-विक्री होते.

हा छंद विक्षिप्त म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. आपल्याकडे भिंतीवर कोळी दिसला की पहिला हात केरसुणीकडे जातो. त्यापुढे कोळ्यासाठी हवेतला ओलावा सांभाळणारा, दडायला जागा हवी म्हणून झाडाची साल उभी लावून देणारा, आणि तो कात टाकायला उताणा पडला की तासन्‌तास त्याला धक्काही लागू न देणारा माणूस कितीतरी बरा. मादी दहा-बारा वर्षं जगते आणि नर तीन-चार वर्षांतच संपतो, असं बारीकसारीक ज्ञानही पुष्कळसं पाळणाऱ्यांच्याच निरीक्षणातून आलं आहे. या माणसांचं कोळ्यावर प्रेम असतं, याबद्दल मला शंका नाही.

पण पैदास कशी होते तेही जवळून बघायला हवं. नराला मादीच्या डब्यात सोडतात. तो पाय आपटून आपली वर्दी देतो. कधी जुळतं, कधी मादी त्यालाच खाते. काही आठवड्यांनी ती रेशमाची पिशवी विणून त्यात अंडी घालते आणि ती पायांत धरून बसते, अधूनमधून फिरवत राहते. डब्यातली मादी बिथरली तर पिशवी खाऊन टाकील, या भीतीने बरेच जण महिनाभरातच लांब चिमट्याने ती तिच्याकडून काढून घेतात, कापतात, आणि आईचं काम स्वतःच्या हाताने करतात. शंभराच्या आसपास पिलं निघतात. रानात या जातीच्या कोळ्यांची पिलं काही काळ आईच्याच ढोलीत एकत्र राहतात. इथे ती एकेकटी कुप्यांत भरून गिऱ्हाइकाकडे रवाना होतात.

यावर हौशी लोकांचं उत्तर ठरलेलं असतं: जंगल तुटतंय, निदान आमच्या डब्यांत तरी ही जात वाचली. अर्धी गोष्ट खरी आहे. जळणासाठी आणि इमारती लाकडासाठी होणारी तोड हेच या कोळ्यावरचं मोठं संकट आहे. पण डब्यात वाढलेली पिलं नंद्यालच्या झाडांकडे परत जाण्याची काहीही सोय या व्यवहारात नाही. ती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जातात. त्यातून मिळणाऱ्या पैशाने त्या रानातली एकही ढोली राखली जात नाही. याला व्यापार म्हणावं. त्यावर संवर्धनाचं नाव घालू नये. आणि पहिले कोळी इथून नेले ते कुणाला विचारून, हा प्रश्न तर फारसा विचारलाही जात नाही.

विषाचंही तसंच. या कोळ्याच्या दंशाने माणूस दगावल्याची नोंद नाही, पण स्नायूंत असह्य पेटके येतात, कधी दंशानंतर काही तासांनी, कधी काही दिवसांनी, आणि ते लवकर जात नाहीत. पाळणारा हे जाणून पाळतो. घरातल्या बाकीच्यांना कुणी विचारलेलं असतं का? शेजारच्या घरातल्या मुलाला?

विषारी कोळी पाळूच नयेत असं माझं म्हणणं नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या फनेल-वेब कोळ्याने तेरा माणसांचे जीव घेतल्याची नोंद आहे. १९८१ साली त्यावर प्रतिविष आलं, तेव्हापासून एकही मृत्यू नाही. त्या प्रतिविषासाठी लागणारं विष तिथल्या एका प्राणिसंग्रहालयात पाळलेल्या कोळ्यांकडून काढतात, आणि ते कोळी लोकच बरणीत पकडून आणून देतात. तिथेही कोळी डब्यातच असतो, पण त्याचं कारण एका माणसाच्या हौसेपुरतं नसतं.

आपल्याकडेही ही हौस आली आहे. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या विमानतळ कस्टम्सने पोलंडहून आलेलं टपालाचं पार्सल उघडलं. थर्मोकोलच्या खोक्यात, चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या १०७ कुप्या, आणि त्यांत जिवंत कोळी. ते परत पोलंडला धाडायचं ठरलं. गुत्तीच्या कोळ्याची सगळी पोएसिलोथेरिया प्रजाती २०१९ पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने साइट्समधले प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली. कायदा हवाच. पण कापसात गुंडाळलेली कुपी ओळखायला प्रत्येक टपाल कचेरीत कोण बसणार आहे?

आपल्या सह्याद्रीतही टॅरँटुला आहेत. पावसाळ्यात आंबोलीला रात्री फिरायला जाणाऱ्यांना ते रस्त्याकडेच्या दरडीतल्या बिळाच्या तोंडाशी दिसतात. जरूर जावं, मुलांना न्यावं, विजेरीच्या उजेडात लांबून बघावं. फोटोही काढावा. फक्त तो टाकताना बिळाचा ठावठिकाणा लिहू नये. नव्या जातीचं वर्णन छापताना नेमकी जागा झाकून ठेवण्याची वेळ अभ्यासकांवरसुद्धा आली आहे, कारण ते पान वाचणाऱ्यांत चिमटा आणि कुप्या घेऊन निघणारेही असतात.