पेंडीचा प्रवास

दसरा उलटला की वसमत तालुक्यातल्या हट्टा परिसरात रात्रभर मळणीच्या हडंब्यांची घरघर चालू असते. येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांच्या पूर्णा प्रकल्पामुळे या भागाला कालव्याचं पाणी मिळालं. तालुक्याचं नाव बाहेर गाजतं ते हळदीमुळे, उसामुळे. पण खरिपात हिंगोली जिल्ह्याचं शिवार भरलेलं असतं ते सोयाबीननं. माल निघाला की कट्टे शिवून मोंढ्यात न्यायचे, ओलावा, माती आणि काडीच्या नावानं होणारी कपात ऐकून घ्यायची, आडत्याची पट्टी खिशात घालून घरी यायचं आणि आलेल्या पैशातून खताची, औषधाची उधारी फेडायची. या दाण्यात शेकडा चाळीस भाग प्रथिनं असतात. एवढं सत्त्व दुसऱ्या कुठल्या डाळीत सापडत नाही. तरीही पिकवणाऱ्याच्या चुलीवर ते क्वचितच शिजतं.

मग ते जातं कुठे? एका क्विंटल सोयाबीनमधून गिरणीत अठरा किलोच्या आसपास तेल निघतं आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड उरते. सोयाबीन तेलबिया म्हणून नोंदलं जातं, खाद्यतेलाच्या आयातीवर आपल्याकडे अग्रलेख लिहिले जातात, पण सोयाबीनच्या भावाची दोरी बऱ्याच अंशी पेंडीच्या हातात असते. ही पेंड कोंबडी, अंडी, डुक्कर, गाय आणि तळ्यातला मासा यांच्या खाद्यात जाते. ज्याला आपण मांसाहार म्हणतो त्याचा मोठा भाग आज सोयाबीनच्या शेतावर उभा आहे. युरोपात प्रथिनांच्या शाश्वत पुरवठ्यावर वीसेक वर्षं जी धोरणं आखली जात आहेत, त्यांचा गाभाही हाच आहे. त्या धोरणांकडे हट्ट्याच्या शिवारातून पाहिलं, तर त्यात काय पकडलं गेलं आहे आणि काय निसटलं आहे, हे स्पष्ट दिसतं.

या गोष्टीची सुरुवात १९७२ पासून करायला हवी. मराठवाड्यात ते साल तारखेसारखं कुणी सांगत नाही, ‘बहात्तरचा दुष्काळ’ असंच म्हणतात. खडी फोडणाऱ्या बाया, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरची परदेशी लाल मिलो हे सगळं त्या पिढीच्या बोलण्यात अजून आहे. त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पेरूच्या किनाऱ्यावर, एल निनोमुळे समुद्राचं पाणी तापलं आणि अँचोवी नावाचा बोटभर मासा दिसेनासा झाला. १९७० मध्ये पेरूनं या माशाची एक कोटी वीस लाख टनांहून अधिक पकड केली होती. १९७३ मध्ये ती वीस लाख टनांच्याही खाली घसरली. आपला पाऊस हुकण्याशीही हवामानतज्ज्ञ त्याच एल निनोचा संबंध जोडतात. म्हणजे ज्या उष्ण पाण्यानं पेरूच्या कोळ्यांची जाळी रिकामी ठेवली, त्याचाच हात मराठवाड्याच्या कोरड्या आभाळामागेही होता.

अँचोवी माणसं फारशी खात नव्हती. तिचं पीठ करून ते जगभरच्या कोंबड्यांना आणि डुकरांना घातलं जाई. ते पीठ संपलं तशी सगळी मागणी सोयाबीनच्या पेंडीवर कोसळली. अमेरिकेत भाव भडकले आणि जून १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या सरकारनं सोयाबीनची निर्यात थांबवली. बंदी थोडेच दिवस टिकली, पण युरोप आणि जपान हादरले. युरोपनं १९६० च्या दशकातल्या व्यापारी वाटाघाटींत, आपल्या गव्हाला आणि दुधाला संरक्षण मिळवताना, सोयाबीन विनाशुल्क येऊ देण्याचं कबूल केलं होतं. स्वस्त पेंड बंदरावर उतरत राहिली आणि हॉलंड, डेन्मार्क, ब्रिटनीमधले गोठे नि डुक्करवाडे तिच्या बळावर वाढले. १९७३ नं दाखवून दिलं की त्या गोठ्यांची दावण अटलांटिकपलीकडे बांधलेली आहे. जपाननं पुढे ब्राझीलच्या सेराडो पठारावर सोयाबीन पिकवायला पैसा पुरवला. तिथली झुडपी जंगलं मोडून उभी राहिलेली शेती आज जगाला पेंड पुरवते.

आपल्याकडे १८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. पुढे याच विद्यापीठानं एमएयूएस-७१ सारखे सोयाबीनचे वाण दिले आणि मध्य प्रदेशातून आलेल्या जेएस-३३५ नं तर मराठवाडा व्यापून टाकला. शंभर दिवसांत येणारं, यंत्रानं निघणारं, मोंढ्यात हमखास विकलं जाणारं हे पीक शेतकऱ्यानं उचललं यात नवल नाही. मुगाच्या शेंगा तोडायला मजूर लागतात आणि उडीद नेमका काढणीच्या पावसात सापडतो. सोयाबीननं या कटकटी मिटवल्या. पण मूग, उडीद, चवळी, मटकी ही आंतरपिकं जसजशी मागे पडली तसतशी घरातल्या उतरंडीतली डाळही कमी झाली. जी डाळ पूर्वी शेतातून थेट भाकरीसोबत यायची, ती आता किराणा दुकानातून किलोनं आणावी लागते, आणि भाव चढला की पातळ होते. प्रथिनं पिकवण्यात जिल्हा कितीतरी पुढे गेला आणि तेवढ्याच काळात ती खाण्यासाठी बाजारावर अवलंबून राहू लागला. मला या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

युरोपचा प्रवास पुढे आणखी अवघड झाला. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गायींचा मेंदू पोखरणारा रोग ओळखला गेला. गायींना मेलेल्या जनावरांच्या मांसाहाडांचं पीठ खाऊ घालण्यातून तो पसरला होता. २००१ च्या सुरुवातीपासून युरोपीय संघानं असं पीठ पाळीव जनावरांच्या खाद्यातून हद्दपार केलं. निर्णय योग्यच होता, पण त्याची भरपाई पुन्हा सोयाबीननंच केली. मत्स्यशेतीतही तसंच झालं. १९९० मध्ये नॉर्वेतल्या सामन माशाच्या खाद्याचा नव्वद टक्के भाग समुद्रातून येत असे. आज त्याचा मोठा भाग वनस्पतींचा आहे आणि त्यात ब्राझीलचं सोयाबीन आहे. उरलेल्या मासळीच्या पिठासाठी सेनेगल आणि मॉरिटानियाच्या किनाऱ्यावरची सार्डिनेला उपसली जाते. तिथल्या गरिबाच्या भातावरचा तो मासा आहे. युरोपनं आपल्या पाण्यात पकडीच्या मर्यादा घातल्या आणि जाळ्यात आलेला मासा परत समुद्रात फेकायला २०१३ च्या मत्स्यधोरणानं मनाई केली. हे सगळं चांगलंच झालं. पण मत्स्यशेतीची भूक दुसऱ्याच्या किनाऱ्यावर भागवली, तर आपल्या पाण्यापुरतं धोरण अपुरं पडतं.

हे युरोपला कळलेलं नाही असं नाही. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर पंधरवड्याच्या आत, व्हर्सायला जमलेल्या युरोपीय नेत्यांनी संरक्षण आणि इंधनाच्या जोडीला वनस्पतीजन्य प्रथिनांचं स्वतःचं उत्पादन वाढवण्याचं जाहीर केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपीय संसदेनं प्रथिनांच्या धोरणावर ठराव केला. माशांच्या खाद्यात कीटकांच्या पिठाला २०१७ मध्ये, तर कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात २०२१ मध्ये परवानगी मिळाली. आणि २०२३ मध्ये जंगलतोडीविरुद्धचा कायदा झाला. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून काढलेल्या जमिनीवरचं सोयाबीन, कॉफी, रबर, पामतेल असा माल युरोपात येऊ द्यायचा नाही आणि प्रत्येक मालाच्या शेताचं नकाशावरचं नेमकं ठिकाण दाखवायचं, अशी त्याची अट. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, पण दिशा बदललेली नाही.

ही अट हट्ट्याच्या शेतकऱ्याशी थेट बोलते. भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. म्हणून जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्समध्ये आपल्या पेंडीला वेगळा ग्राहक मिळतो. मराठवाड्यातल्या काळ्या रानात सोयाबीनसाठी जंगल तुटलेलं नाही. ब्राझीलच्या हजारो हेक्टरच्या मळ्याला जे सिद्ध करताना घाम फुटेल, ते आपल्या दोन-तीन एकरवाल्याच्या बाबतीत खरं आहेच. प्रश्न कागदाचा आहे. आडतीवर एका ढिगात शंभर शेतांचा माल मिसळतो. त्यातला कुठला दाणा कुणाच्या गटातला हे सांगायचं तर शेतकरी उत्पादक कंपनीला गोदाम, नोंदी आणि ते काम जाणणारी माणसं लागतील. हा खर्च कुणी करायचा यावर युरोपच्या कायद्यात लहान शेतकऱ्यासाठी समाधानकारक उत्तर नाही. जंगल तुटलं का, हे तो कायदा विचारतो. त्या शेतातल्या बाईला, तिच्या पोराला डाळ मिळाली का, हा प्रश्न त्याच्या चौकटीत बसत नाही.

आपल्या सरकारच्या चौकटीतही तो प्रश्न बसत नाही. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला. कोंबड्यांचं खाद्य महागलं. कुक्कुटपालनाच्या खर्चात साठ-सत्तर टक्के वाटा खाद्याचाच असतो, तेव्हा त्या व्यवसायाची ओरड खोटी नव्हती. ऑगस्टमध्ये केंद्रानं बारा लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला पहिल्यांदाच परवानगी दिली. नवा माल मोंढ्यात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला होता. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात चार हजारांच्या आसपास माल गेला, खरेदी केंद्रांवर ओलाव्याची मर्यादा आणि बारदाना यांवरून दिवस गेले. कोंबडीवाला आणि सोयाबीनवाला यांना एकमेकांच्या समोर उभं करणारं हे धोरण आहे. अनेकदा दोघं एकाच गावातले असतात. कंपनीकडून पिल्लं आणि खाद्य घेऊन किलोमागे संगोपनाचा दर मिळवणारा तरुण आणि सोयाबीन विकणारा त्याचा चुलता, यांच्यापैकी एकाचं भलं झालं की दुसऱ्याचं नुकसान, अशी ही रचना आहे.

गावाच्या ताटातलं जुनं प्रथिन कुठून येत होतं? वरणातून, ताकातून, आठवडी बाजारात मिळणाऱ्या सुकटीतून आणि बोंबलातून, अंगणातल्या गावरान कोंबडीतून, आणि काही वस्त्यांमध्ये मोठ्या जनावराच्या मांसातून. शाहू पाटोळे यांच्या २०१५ च्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकामुळे मराठवाड्यातल्या दलित घरांचं हे खाणं मराठी वाचकांसमोर सविस्तर आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये गोवंश हत्याबंदीचा विस्तारित कायदा लागू झाला. बैल, वळू कापणं गुन्हा ठरलं. सगळ्यांत स्वस्त मांस सगळ्यांत गरीब माणसाच्या ताटातून गेलं आणि म्हातारा बैल विकून नवी जोडी घेण्याची शेतकऱ्याची वाटही अरुंद झाली. श्रद्धेचा मान मी ठेवतो, पण त्या मांसाच्या जागी त्या घरांत काय येणार याची तरतूद त्या कायद्यासोबत व्हायला हवी होती. ती झाली नाही. सुकटीचंही तसंच. कोकण किनाऱ्यावर मिळणारा जवळा वाळून मराठवाड्याच्या बाजारात यायचा, अजूनही येतो. पण त्यालाही आता खाद्याचे कारखाने गिऱ्हाईक आहेत.

जिल्ह्याजवळ साधनं कमी नाहीत. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी खातो. तलावात बोटुकली सोडली की हे तिन्ही मासे पाण्यातलं शेवाळ, सूक्ष्म जीव आणि गाळावरचं खाऊन वाढतात. त्यांना ब्राझीलची पेंड लागत नाही. १० जुलै १९५७ रोजी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी ओडिशातल्या अंगुलला या माशांचं प्रेरित प्रजनन यशस्वी केलं म्हणून आज मत्स्यजिरे हवे तेव्हा मिळू शकतात. युरोप ज्या कमी खाद्याच्या मत्स्यशेतीच्या शोधात आहे, ती आपल्या पाझर तलावांत आणि धरणांत आधीपासून शक्य आहे. तलाव वेळेवर ठेक्यानं देणं, ते भोई आणि इतर मच्छीमारांच्या संस्थांच्या हातात खऱ्या अर्थानं राहणं, बोटुकली मरतुकडी नसणं आणि धरलेला मासा पहिल्यांदा आसपासच्या बाजारात विकला जाणं, एवढं जमलं तरी पुष्कळ झालं. एप्रिल २०२५ मध्ये राज्यानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज आणि कर्जाच्या सवलती जिल्ह्यातल्या छोट्या संस्थांपर्यंत पोचल्या तर त्या निर्णयाला अर्थ येईल. उस्मानाबादी शेळीबद्दलही हेच म्हणता येईल. बांधावरचा पाला आणि बाभळीच्या शेंगा खाऊन ती बहुतेकदा जुळी पिल्लं देते. भूमिहीन बाईची ती बँक आहे, म्हणूनच ती विकली जाते, घरात कापली जात नाही.

राहिलं अंडं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्या मुलांना केळं, असा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी बंद केला आणि शाळांनी ते लोकसहभागातून द्यावं असं सांगितलं. लोकसहभाग सधन गावात जमतो. ज्या वस्तीतल्या मुलांना अंड्याची सगळ्यांत जास्त गरज आहे, तिथे तो कुणी करायचा? एका अंड्यासाठी कोंबडीला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास खाद्य लागतं. त्यात सोयाबीनची पेंड तीस ग्रॅमच्या जवळपास असते, बाकी बहुतांश मका. या हिशेबानं एका क्विंटल सोयाबीनची पेंड अडीच हजारांहून अधिक अंड्यांना पुरते. शंभर मुलांच्या शाळेला आठवड्याला एक अंडं द्यायचं तर पंचवीस आठवड्यांची सोय. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानं ते क्विंटल खरेदी करून, जिल्ह्यातल्याच महिला बचतगटांच्या कोंबड्यांना त्याची पेंड देऊन, ती अंडी जिल्हा परिषदेच्या शाळांनी विकत घ्यायची, एवढी व्यवस्था लावायला ब्रसेल्सची परवानगी लागत नाही. सोयाबीन भाजून, दळून अंगणवाडीच्या आहारात घालायलाही लागत नाही. कच्च्या दाण्यातला पचनाला अडवणारा घटक उष्णतेनं निष्प्रभ होतो, हे परभणीच्या अन्नतंत्रज्ञान महाविद्यालयातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. हिंगोलीच्या जिल्हा नियोजन समितीपुढे रस्ते आणि सभामंडपांच्या मागण्या दरवर्षी येतात. त्या यादीत या अंड्यांची मागणी घालायला एखाद्या ग्रामसभेचा ठराव पुरेसा आहे.