मुक्या सेवेचं काय करायचं?

मित्रांनो, 'सेवा' हा शब्द ऐकला की आपल्या कपाळाला आठी पडते. पडलीच पाहिजे. पिढ्यान्पिढ्या आपल्याला सेवाच तर सांगितली. गाव झाडा, सांगावा पोचवा, मेलेलं ढोर ओढा, वेशीत उभं रहा आणि वर्षाकाठी बलुत्यासाठी हात पसरा. वर त्याला नाव काय, तर वतन! या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं. म्हणून कुणी मुक्या सेवेची थोरवी सांगू लागला की आपण विचारतो, सेवा कुणाची? आणि मुकी का?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. आमच्या मास्तरांमुळं पडला.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. पुढं आपल्यातली, महार-मांगांची, बरीच घरं ख्रिस्ती झाली. १९५६ नंतर आमची घरं बौद्ध झाली. वाडा एकच, आजा-पणजा एकच. भिंतीच्या पलीकडं क्रूस, अलीकडं बुद्ध आणि बाबासाहेब.

मास्तर पलीकडचे. रविवारी उपासनेच्या आधी चर्च झाडायचे, सतरंज्या अंथरायचे, घंटा द्यायचे. पाळकसाहेब बदलून जायचे, मास्तर तिथंच. मंडळीत कुणी वारलं की खड्डा खणायला पहिले हेच. कमिटीत कधी नाव नाही, गळ्यात कधी हार नाही. संध्याकाळी चर्चच्या ओट्यावर साऱ्या वाड्याची पोरं बसायची. बौद्ध, मातंग, ख्रिस्ती. माझं गणित आणि माझं इंग्रजी त्या ओट्यावरचं. 'आमच्यात ये' असं मास्तर एकदाही म्हणाले नाहीत.

कॉलेजात गेलो, चळवळीत आलो, तोंडाला धार आली. एकदा म्हणालो, "मास्तर, आजा गावाचा वेसकर होता, तुम्ही देवाचे वेसकर झालात. झाडू सुटला का?"

मास्तर हसले. "पोरा, आज्याला नको म्हणता येत नव्हतं. मला येतं."

एवढंच बोलले. पण मला पहिलं उत्तर मिळालं. जिथं 'नाही' म्हणायची सोय नाही तिथं सेवा नसते, वेठ असते. दुसरं मला पुढं उमगलं. गुलामाच्या राबण्यानं मालक लोळतो. मास्तरांच्या राबण्यानं आम्ही पायावर उभे राहिलो, आणि उभे राहिल्यावर आम्हाला त्यांची गरज उरली नाही. असा माणूस मालक घडवत नाही.

इथं लेख संपवता आला असता. पण मग ती नुसती आरती झाली असती.

१९९२ साली मी मॅट्रिक झालो. मास्तरांची लेक माझ्याच वर्गात, मार्क माझ्यापेक्षा जास्त. माझा शिष्यवृत्तीचा फॉर्म मास्तरांनीच भरला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीतून बाहेर काढला होता. १९५६ साली शीख आत घेतले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेरच आहेत. गावातले म्हणाले, "मास्तर, दाखल्यावर हिंदू महार लावा की. कोण बघतंय?" मास्तर म्हणाले, "रविवारी घंटा एकाची द्यायची आन् दाखल्यावर नाव दुसऱ्याचं, हे मला जमायचं न्हाई." लेक कर्जावर शिकली. मास्तरांच्या सच्चेपणाची किंमत लेकीनं भरली. मास्तर एका शब्दानं कुठं बोलले नाहीत. अर्ज नाही, मोर्चा नाही.

पुढं बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा पाचवा खंड हाती आला. १९८९ साली निघालेला. त्यात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर बाबासाहेबांनी लिहिलंय. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचं काम त्यांनी नाकारलं नाही. पण हा समाज अन्यायाविरुद्ध समाज म्हणून उभा राहिला नाही, ही त्यांची तक्रार. मी मास्तरांना तेवढा भाग वाचून दाखवला. मनात खोट होती. त्यांना हरवायचं होतं.

मास्तर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बरोबर लिहिलंय बाबासाहेबांनी. आम्ही लई काम केलं. पर गप बसून केलं."

मित्रांनो, मी काय हरवणार? त्यांनी स्वतःच निवाडा दिला होता.

तेव्हापासून मला वाटतं, आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. गाजावाजा न करता काम करणं वेगळं, अन्यायापुढं गप्प बसणं वेगळं. पहिलं आपण मास्तरांकडून शिकावं, दुसरं शिकू नये. खुर्चीवरच्या माणसाला मुका सेवक फार आवडतो, कारण तो झाडतो आणि हिशोब मागत नाही. आपल्या बापानं १९२० साली 'मूकनायक' काढला तो मुक्यांना बोलतं करायला, मुकेपणाला हार घालायला नाही.

आता आपल्याकडं बघू. आपल्याला आवाज आहे. पण विहार कोण झाडतं? एप्रिलात वर्गणी जमते, मग अभ्यासिकेला कुलूप का? अडाणी आईचा अर्ज लिहून द्यायला आपल्यातले किती जण बसतात? मास्तरांकडं काम होतं, आवाज नव्हता. आपल्याकडं नुसता आवाज उरला तर तेही अर्धंच.

आणि भिंतीपलीकडचं? रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ साली अनुसूचित जातीला घातलेली धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली. हा विषय निघाला की आपलेच भाऊ म्हणतात, "आपल्या भाकरीत वाटेकरी नको." ही भीती खोटी नाही; भाकर लहानच आहे. म्हणून भाकर वाढवून मागायची, भावाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं नाही.

मास्तर आता थकलेत. झाडू दुसऱ्यानं घेतलाय. त्यांचा सत्कार करू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्यापरीस ओट्यावर बस जा." मी बसतो, आठवड्यातून दोनदा. पण तेवढ्यानं फिटत नाही. ज्या फॉर्मवर मी शिकलो तो त्यांच्या हातचा होता, आणि त्यावर त्यांच्या लेकीला जागा नव्हती. ते गप्प बसले. मी बसलो तर मी त्यांच्याकडून काहीच शिकलो नाही.

जयभीम.