सहवास आणि औषध

एकाकीपणा आयुष्य घटवतो, हे वैद्यकशास्त्रही आता मानते. २०१० साली १४८ अभ्यासांचा एकत्रित विचार झाला, तेव्हा ज्यांचे नातेसंबंध भक्कम त्यांची जगण्याची शक्यता सुमारे निम्म्याने अधिक दिसली. म्हणून आपण वृद्धांना ‘माणसांत मिसळा’ असा उपदेश करतो. उपदेश स्वस्तच असतो!

वाईत कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटांवर पाळीपाळीने होतो, पंगती बसतात; आणि जिची मुले पुण्या-मुंबईस गेली ती गुडघे धरलेली वृद्धा वरच्या वाड्यातच राहते. तिने मिसळावे कसे? घाट तिला उतरवत नाही, चढावयाचे आपणच. मात्र स्वतःची प्रकृती राखण्यासाठी जो तिच्याकडे जाईल, त्याला शेजारीण भेटेल की औषध? प्रसादाचे ताट नेले, तर तिला प्रथम आमटीतील मिठाचीच तक्रार करावयाची असते. ती ऐकण्यास सवड हवी.